मदत हवी आहे: लायब्ररीत कोड देणाऱ्यांसाठी नियम कसे लिहावे?

नमस्कार मंडळी, आम्ही लातूरचे चौघं मिळून पायथॉन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत आकडे मराठी शब्दांत लिहून देणारी छोटी लायब्ररी (दुसऱ्यांना आपल्या प्रोग्रॅममधे वापरता येईल असा तयार कोड) करायलोत, म्हणजे 150 दिले की दीडशे अन् 250 दिले की अडीचशे. आता नांदेड, परभणीची पोरं पण कोड पाठवायलीत, लई बरं वाटतं, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, ओळीच्या सुरुवातीला कोणी टॅब देतंय कोणी स्पेस, एकानं तर सगळं एकाच फाईलीत कोंबलं अन् टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड) एक पण नाही. मराठीत 99 पर्यंत जवळपास प्रत्येक आकडा पाठच करावा लागतो, एकोणपन्नास नीट करायला गेलं की एकोणसाठ बिघडतं, म्हणून टेस्टशिवाय कोड घ्यायचाच नाही असं माझं मत. टेस्ट चालवायला पायटेस्ट हे टूल वापरतो, टेस्टचं फोल्डर वेगळं ठेवलंय.

विचारायचं हे की कोडच्या एका ओळीची मर्यादा पेप 8 (पायथॉनची कोड लिहायची अधिकृत नियमावली) ची 79 अक्षरं ठेवावी का ब्लॅक (कोड आपोआप नीट मांडून देणारं टूल) ची 88? पायथॉन काना-मात्रा वेगळ्या मोजतं, त्यामुळं दिसायला छोटी ओळ पण लांब भरते. अन् बग दुरुस्त करणाऱ्यानं आधी फेल होणारी टेस्ट लिहावी ही अट नव्या पोरांना जड जाईल का? नियमांची फाईल मराठीत लिहावी का इंग्रजीत? कुणी असे नियम लिहिले असतील तर प्लीज सांगा, पहिल्यांदा कोड देणारं पोरगं घाबरून परत जाऊ नये एवढंच वाटतंय.