विषय: भारतवारीपूर्वी आठ महिन्यांच्या बाळाला गोवराची लस

सप्रेम नमस्कार,
डिसेंबरअखेर आम्ही आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन मुंबईला जात आहोत. गोवर प्रत्येकाला एकदा निघतोच, असे सासूबाई म्हणतात. इथे अमेरिकेत तर एमएमआरची (गोवर, गालगुंड आणि रुबेला म्हणजे जर्मन गोवर यांवरील एकत्रित लस) पहिली मात्रा वर्षानंतरच देतात. यादीवरील डॉक्टरांनी कृपया मार्गदर्शन करावे.
– एक सभासद, डॅलस

उत्तर:

नमस्कार ताई,
सासूबाईंचे म्हणणे त्यांच्या लहानपणापुरते खरे आहे, परंतु तेव्हाही गोवर काही मुलांना घेऊन जात असे. मुंबईत बालरोगाचे शिक्षण घेताना गोवरानंतरच्या न्यूमोनियाने धापा टाकणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांतली एक मुलगी आपल्या मुलीएवढीच होती.

सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासापूर्वी एमएमआरची एक मात्रा द्यावी, अशी अमेरिकेतील अधिकृत शिफारस आहे. प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी ती घ्यावी. ती नेहमीच्या दोन मात्रांत धरली जात नाही, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्ये (रोगाशी लढणारी रक्तातील प्रथिने) या वयात लशीचा प्रभाव कमी करतात. नुकतेच भारतातून आलेल्या पालकांनीही हे ध्यानात घ्यावे: तिकडे लागणीचा धोका लवकर असल्याने नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस देतात, पण पहिल्या वाढदिवसापूर्वीची ती मात्रा इथे मोजली जात नाही आणि तिच्यात गालगुंडाची लसही नसते.

अमेरिकेने 2000 साली गोवराचे निर्मूलन जाहीर केले, याचा अर्थ विषाणू संपला असा नव्हे, तर देशांतर्गत संसर्गाची साखळी सलग बारा महिने चालू राहिली नाही, एवढाच होता. एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो, म्हणून समाजातील 95 टक्के लोक संरक्षित असावे लागतात. आपल्याच टेक्ससमध्ये गेन्स काउंटीपासून पसरलेल्या 2025 च्या साथीत 762 रुग्ण आढळले आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले दगावली. कॅनडाने तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्मूलनाचा दर्जा गमावला. मुंबईत 2022 साली गोवंडीच्या दाट वस्तीत साथ भडकली, तेव्हा करोनाकाळात मात्रा चुकलेली कितीतरी मुले तिच्या तावडीत सापडली.

ताई, बाळाच्या डॉक्टरांना उद्याच फोन करावा. सासूबाईंच्या मनात शंका उरली, तर मी त्यांच्याशी आनंदाने बोलेन.
– एक सभासद, बालरोगतज्ज्ञ