वहाळाकाठचे जुने रातांबे तोडून कलमं लावावीत का?

वहाळकाठ (रत्नागिरी जिल्हा)
नमस्कार मंडळी. आमच्या वाटणीच्या डोंगरउतारावर वहाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही अंगांना रातांब्याची, म्हणजे कोकमाची, जुनी झाडं आहेत. कुणी लावलेली नाहीत, आपसूक रुजलेली. कुणाचं फळ मोठं, कुणाचं जेमतेम सुपारीएवढं. काहींना तर आजोबांच्या काळापासून फळच धरलेलं नाही. काका म्हणतात, जेसीबी लावून सगळं साफ करू आणि एकाच जातीची कलमं लावू. निदान बिनफळाची तरी तोडायचीच, असं घरात सगळ्यांचं मत. मला हे पटत नाही, पण त्यांना पटेल असं कारणही सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

डोंगरवाट (रोपवाटिका, सिंधुदुर्ग)
आधी जेसीबी थांबवा, मग बोलू.

फळ न देणारी झाडं वांझ नाहीत, बहुतेक नर असणार. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात, आणि पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सातेक वर्षं, काही कळत नाही. थंडीत जाऊन फुलं बघा. नर फुलं झुपक्यानं येतात, मधे पुंकेसरांचा गोळा असतो. मादी फूल बहुधा एकटं असतं, मधोमध हिरवट गुंडी दिसते. काही झाडांवर दोन्ही प्रकारची फुलंही सापडतात. नर सरसकट तोडलेत तर आजूबाजूच्या माद्यांचं फळ घटेल, आणि पुढच्या रोपांत त्या नरांचे गुण कधीच उतरणार नाहीत.

आता काकांना हे सांगा. भाताचं बी वाळवून बियाण्यांच्या थंड पेढीत वर्षानुवर्षं ठेवता येतं. कोकमाची बी वाळली की मरते. त्यामुळे त्याचं वाण बरणीत राखता येत नाही, ते उभ्या झाडातच राहतं. तुमच्या वहाळावरचं झाड गेलं की त्याचा तो विशिष्ट गुण कायमचा गेला.

आणि गुण म्हणजे काय, तर पैसाच. 2025 साली मान्सून 25 मे रोजीच सिंधुदुर्गात उतरला. ज्यांची फळं तेव्हा झाडावर होती, त्यांची भिजून सडली आणि सालं वाळवायला ऊन मिळालं नाही. लवकर पिकणारी झाडं ज्यांच्याकडे होती ते वाचले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं 1997 साली दिलेली ‘कोकण अमृता’ पावसाआधी हाती येते म्हणूनच नावाजली, आणि तीही अशाच बियांपासून वाढलेल्या झाडांतून निवडलेली आहे. तुमच्या उतारावर तिच्याहून सरस झाड नसेल कशावरून? एका जातीचं कलम म्हणजे सगळी झाडं एकाच रक्ताची. एकाला जो रोग लागला, तो सगळ्यांना.

माजघर
आम्ही घरी आमसुलं करतो, म्हणून लिहिते. जाड सालीचं फळ आमसुलाला, रसाळ फळ आगळाला, म्हणजे मीठ घातलेल्या रसाला. पातळ सालीचं फळ फोडून वाळत घातलं की तिसऱ्या पुटालाच (रसात बुडवून पुन्हा वाळवण्याच्या फेरीला) विरतं. चार-पाच प्रकारची झाडं असली तर दोन्ही माल निघतो. दुसरं म्हणजे सगळी फळं एकाच आठवड्यात पिकली तर फोडायला बायका आणायच्या कुठून? आमच्याकडे झाडं मागेपुढे पिकतात म्हणूनच हे काम घरच्या घरी उरकतं.

कातळमाळ
सगळं खरं, पण घर उत्पन्नावर चालतं. जुनी झाडं ताडमाड वाढलेली, फळ उतरवायला गडी मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. मी कलमं लावली आणि मला ती परवडली. काकांचंही चुकत नाही.

डोंगरवाट (रोपवाटिका, सिंधुदुर्ग)
कातळमाळ, बरोबर आहे, मीही कलमंच विकतो. म्हणूनच म्हणतो, मोकळ्या उतारावर कलमं लावा, पण वहाळाची पट्टी जशी आहे तशी राहू द्या. आणि सगळी कलमं विकत घेऊ नका. या हंगामात झाडांना रंगानं नंबर घाला. वहीत लिहा: फळ कधी पिकलं, साल जाड की पातळ, दरवर्षी धरतं का. त्यातल्या उत्तम झाडांच्या काड्या घेऊन स्वतःच्याच खुंटांवर (बियांपासून वाढवलेल्या रोपांवर) कलमं बांधून घ्या. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घ्यावी, आडव्या फांदीची घेतली तर झाड पसरटच वाढतं. बिनफळाच्या झाडांतही एखाद-दुसऱ्याची काडी बांधा.

अजून एक. हल्ली बी तेलासाठी विकली जाते, त्यामुळे झाडाखाली एक फळ उरत नाही. मग नवं रोप उगवणार कुठून? दर झाडाखाली ओंजळभर ताजी बी तिथेच पालापाचोळ्यात टाकून या.

वहाळकाठ (रत्नागिरी जिल्हा)
मनापासून आभार. बी वाळली की मरते हे काकांनाही माहीत नव्हतं. ते ऐकल्यावर वहाळाची पट्टी सोडायला तयार झाले आहेत, वरच्या उताराचं अजून ठरायचं आहे. काड्या बांधायची वेळ आली की इथेच विचारेन.