हॅलोविनला दहा वर्षांच्या मुलाला एकटं सोडायचं का?

रानजाई: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दहा वर्षांचा. यंदा ३१ ऑक्टोबरला त्याला तीन मित्रांबरोबर, आईबाबांशिवाय ट्रिक ऑर ट्रीटला, म्हणजे सोंग घेऊन घरोघरी खाऊ मागायला जायचंय. नवरा म्हणतो जाऊ दे, मी म्हणते नको. मला भीती खाऊची नाही, गाड्यांची वाटते. आमच्याकडे निम्म्या रस्त्यांना फुटपाथ नाही. गेल्या वर्षी डोळ्यांदेखत घडलं: बॅटमॅन झालेला एक मुलगा, काळी केप, मुखवटा एका डोळ्यावर सरकलेला. समोरच्या घरी मोठी चॉकलेटं मिळताहेत असं कुणीतरी ओरडलं, तसा तो उभ्या गाड्यांमधून थेट रस्त्यात धावला. येणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक मारला. त्याची बादली उलटली, आणि पोरगं तिथेच बसून चॉकलेटं गोळा करू लागलं!

उंबरठा: खाऊची भीती कशी नाही? १९७४ साली टेक्सासमध्ये हॅलोविनच्या खाऊतल्या सायनाइडने आठ वर्षांचा मुलगा गेला. अनोळखी दारातलं खायचं हेच मला पटत नाही. आम्ही शाळेच्या पार्किंगमध्ये ट्रंक ऑर ट्रीटला नेतो. गाड्यांच्या डिक्क्या सजवलेल्या असतात, त्यांतूनच खाऊ वाटतात आणि सगळे ओळखीचे.

पायवाट: उंबरठा, ते विष त्याच्या सख्ख्या बापाने घातलं होतं, विम्याच्या पैशांसाठी. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलं नाही. आणि गाड्यांचं? १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतल्या अपघातांचा अभ्यास 'जामा पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. हॅलोविनच्या संध्याकाळी पादचारी दगावण्याचा धोका ४३ टक्के जास्त, चार ते आठ वर्षांच्या मुलांना तर सुमारे दहापट. खाऊत बघायचं ते शेंगदाणे आणि इतर ॲलर्जीचं. माझी भाची टील (निळसर हिरव्या) रंगाचा भोपळा ठेवलेली घरं शोधते, तिथे खाऊऐवजी खेळणी मिळतात. ट्रंक ऑर ट्रीट मात्र मलाही चांगलं वाटतं, पण ते गाड्या जागच्या जागी उभ्या असतात म्हणून.

मातीचा_किल्ला: मी रानजाईच्या नवऱ्याच्या बाजूने. दहाव्या वर्षी आम्ही दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती आणायला एकटे टेकडीवर जायचो. आई कायम मागे असली तर पोरगं रस्ता ओलांडायला शिकणार कधी? चौघं आहेत, जाऊ द्या.

रानजाई: माती आणायला तुम्ही दिवसाउजेडी जात होतात ना? इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, नेमकी त्याच वेळी ऑफिसची माणसं घरी परततात. ताशी पंचवीस मैलांची पाटी असलेल्या रस्त्यावर चाळीसने येतात. आणि चौघं असली की एक धावला की बाकीचे तिघं मागून धावतात, हे मी पाहिलंय.

मातीचा_किल्ला: मान्य, अंधाराचं मी धरलं नव्हतं. मग रस्ता ठरवून द्या. एका बाजूची सगळी घरं आधी, मग कोपऱ्यावरूनच ओलांडायचं. प्रत्येकाकडे टॉर्च. पण पाठवा.

पायवाट: आणि मुखवटा नको, तोंड रंगवा. केपला मागून चमकणारी टेप लावा.

रानजाई: टेप आणलीये. केप घोट्याखाली येतेय, आज रात्री टाके घालून आखूड करते. पण यंदा मी दोन घरं मागे चालणारच.

मातीचा_किल्ला: दोन घरं मागे म्हणजे एकटा नाहीच. ताई, निदान कोपऱ्यावर उभ्या राहा.