ज्वारीवरील खोडकिडा: 'झोनेलस' की 'पार्टेलस'?

कृषिविद्यार्थी:
नमस्कार. ज्वारी व मक्यावरील खोडकिड्याचे (खोड पोखरणाऱ्या पतंगाच्या अळीचे) शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकांत 'चिलो झोनेलस' असे आढळते, तर नव्या पुस्तकांत 'चिलो पार्टेलस'. कुळही एके ठिकाणी पायरॅलिडी आणि दुसरीकडे क्रॅम्बिडी दिलेले आहे. या दोन वेगळ्या जाती समजाव्यात काय? एकच असल्यास १८८४ मध्ये दिलेले झोनेलस मागे पडून १८८५ मध्ये दिलेले पार्टेलस कसे टिकले?

पतंगनिरीक्षक:
जात एकच आहे. दोन्ही नावे कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनीच दिली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. दोन्ही वेळा त्यांनी हा पतंग क्रॅम्बस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, म्हणजे 'जीनस'मध्ये) घातला आणि अडचण तिथेच झाली, कारण 'क्रॅम्बस झोनेलस' हे नाव जर्मन कीटकतज्ज्ञ झेलर यांनी १८४७ मध्येच दुसऱ्या एका पतंगाला देऊन ठेवले होते. एकाच प्रजातीतील दोन जातींना एकच नाव चालत नाही, त्यामुळे स्विन्हो यांचे आधीचे नाव बाद ठरले आणि मुंबई व दख्खनच्या फुलपाखरे-पतंगांवरील त्यांच्या १८८५ च्या लेखातले पार्टेलस ग्राह्य झाले. पुढे ही जात चिलो प्रजातीत गेली, म्हणून आता स्विन्हो यांचे नाव कंसात लिहितात. तरीही शेतीच्या पुस्तकांत झोनेलस बराच काळ रेंगाळले.

जुना वाचक:
कुळाबाबत थोडे. पूर्वी हे सारे पतंग पायरॅलिडी या एकाच मोठ्या कुळात धरत. या पतंगांचे कान पोटाच्या बुडाशी असतात. क्रॅम्बिडीत कानाची पोकळी पुढून उघडी असते, तर पायरॅलिडीत ती जवळजवळ बंद असते. मुख्यतः या फरकावरून आता बहुतेक अभ्यासक दोन कुळे वेगळी मानतात. चिलो क्रॅम्बिनी या उपकुळात येते, ज्यातील बहुतेक अळ्या गवतवर्गीय वनस्पतींवर जगतात.

कृषिविद्यार्थी:
आभारी आहे. मग भातावरचा पिवळा खोडकिडा आणि गुलाबी खोडकिडा यांचे काय?

जुना वाचक:
पिवळा खोडकिडा क्रॅम्बिडीतलाच, पण उपकुळ शोएनोबिनी. गुलाबी मात्र नॉक्टुइडी कुळातला, म्हणजे लष्करी अळीच्या गोतातला. गाभेमर (मधला पोंगा वाळणे) सगळेच करतात, तेव्हा नुसत्या लक्षणांवरून कुळ ठरवू नये. चिलोच्या जातीही दिसायला इतक्या सारख्या असतात की खात्रीसाठी नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते.