डर्ट बाईक आणि कान: बोळे कोणते, कसे घालायचे?

प्रश्न: बीडजवळ बालाघाटाच्या डोंगरात दर रविवारी तीन-चार तास डर्ट बाईक. सायलेन्सर मोकळा. घरी आल्यावर कानात सुंई आवाज राहतो. कापूस पुरतो का? फोमचे बोळे हेल्मेट घालताना निघतात.

उत्तर १: कापसाने काही होत नाही भाऊ. ८५ डेसिबल आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं! पाकिटावर एनआरआर (बोळा किती डेसिबल आवाज कमी करतो तो आकडा) ३३ असेल तर ७ वजा करून निम्मे करा: प्रत्यक्षात १३ धरा. सुंई आवाज दुसऱ्या दिवशीही राहिला तर कानाचे डॉक्टर गाठा.

उत्तर २: निघतात कारण बोळा अर्धाच आत जातो. आधी हात धुवा, फुफाटा कानात नको. बोळा सुरकुती न पडता बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, आत सरकवून ३० सेकंद बोटाने दाबून धरा. बाहेर टोक राहिलं की हेल्मेटचं अस्तर ते ओढतंच. हेल्मेट चढवताना पट्टे बाहेर ताणा. काढताना बोळा हळू पिळत काढा, झटका नको.

उत्तर ३: घामाधुळीत फोम एका दिवसाचाच. सिलिकॉनचे धुता येतात, पण माप जुळलं पाहिजे. फिल्टरवाले घेतले तर मागच्याची हाक ऐकू येते. आणि राव, इयरफोनवर गाणी म्हणजे संरक्षण नव्हे, उलट आवाजावर आवाज. सायलेन्सरचं पॅकिंगही (आतलं आवाज शोषणारं भरण) बघा, जळलं असेल तर बदला.