मदत हवी आहे: व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांच्या वाचनाची नोंद कशी ठेवायची?

पाटी_पेन्सिल
नमस्कार. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रोज संध्याकाळी एक उतारा टाकते, मुलं वाचून आवाज पाठवतात. कोणाचं आलं, कोणाचं राहिलं हे शोधता शोधता रात्रीचे अकरा वाजतात. मध्येच सुप्रभात, वाढदिवस, कोणाची म्हैस विकायची आहे. वहीत टिपते, तरी दोन-तीन मुलं सुटतातच. नवीन ॲप सुचवू नका, फोनमध्ये जागा नाही. सोमवारपासून नवे उतारे सुरू करायचेत, लवकर सांगा.

तंत्रस्नेही_गुरुजी
कितवीचा वर्ग? पट किती? बाकी सोपं आहे. पालकांचे नंबर सेव्ह करताना आधी हजेरी क्रमांक, मग मुलाचं नाव टाका. रात्री ग्रुपचं 'एक्सपोर्ट चॅट' करा, मीडियाशिवाय. मजकुराची फाइल मिळते, त्यात तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव असतं. ती गूगल शीटमध्ये घ्या, नावानुसार लावा. मी दोन वर्षं हेच करतोय.

गोदाकाठ
शाळेत समोर बसवून वाचून घ्या की. घरी पुन्हा फोन हातात कशाला द्यायचा? आमच्याकडे सहावीतला पुतण्या अभ्यासाच्या नावाखाली रात्री दहापर्यंत रील्स बघतो.

आई_दोघांची
ताई, वाचन ग्रुपवर मागवूच नका. ग्रुप 'फक्त ॲडमिन' करा आणि आवाज तुमच्या नंबरवर मागवा. माझा धाकटा अडखळत वाचतो. आपलं वाचन सगळ्या वर्गाच्या घरी ऐकू जातं याची त्याला इतकी लाज, की गोधडीत तोंड घालून रेकॉर्ड करायचा. बाईंनी वैयक्तिक मागवायला सुरुवात केली आणि आठवड्यात गोधडी सुटली.

तंत्रस्नेही_गुरुजी
वैयक्तिक मागवलं की तेवढ्या चॅट उघडत बसा. एक्सपोर्टचा उपयोगच संपला.

आई_दोघांची
सर, तुमची फाइल सोपी व्हावी म्हणून मुलानं का लाजायचं?

रंगीत_खडू
आमच्या शाळेला लोकवर्गणीतून 43 इंची टीव्ही मिळाला. कविता चालीसकट दाखवतो, मुलं खूश असतात. ग्रामपंचायतीला अर्ज करून बघा, नमुना हवा असेल तर देतो.

पाटी_पेन्सिल
टीव्ही आहे, धन्यवाद. तिसरीचा वर्ग, पट 34. सुरगाणा तालुका. समोर बसवा म्हणताय, पण 11 मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर गेली आहेत. फोन वडिलांच्या खिशात, ते बागेतून परत येईपर्यंत साडेआठ. आणि गुरुजी, तीन घरांत एकाच फोनवर दोन-दोन भावंडं आहेत. फाइलमध्ये नाव एकच येणार.

निवृत्त_केंद्रप्रमुख
बाई, स्थलांतराचं पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. मुलांना शिक्षण हमी पत्रक दिलं का? ते दाखवून बागेजवळच्या शाळेत बसता येतं. पुढच्या हंगामाआधी हंगामी वसतिगृहाचा प्रस्तावही टाका, म्हणजे आईवडील बाहेर असताना मुलं गावातच राहतील.
दुसरं, नोंद कशाची ठेवताय? आलं-नाही आलं ही हजेरी झाली. मूल अक्षरांवर आहे, शब्दांवर, परिच्छेदावर की गोष्टीपर्यंत पोचलं, ते तारखेसह लिहा. 34 जणांचं रोज ऐकू नका. रोज 7 जणांचं नीट ऐका, पाच दिवसांत वर्ग होतो. आणि घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाचा उच्चार वेगळा आला तर ती चूक धरू नका.

तंत्रस्नेही_गुरुजी
भावंडांसाठी: आवाज पाठवला की खाली हजेरी क्रमांक टाइप करायला सांगा. फाइलमध्ये तो दिसतो.

गोदाकाठ
द्राक्षबागांचं माहीत नव्हतं, माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. पण मुलांचे आवाज साठवताय, तर पालकांची लेखी संमती घेऊन ठेवा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

पाटी_पेन्सिल
पत्रकं दिली आहेत. 6 मुलं तिथल्या शाळेत जातात. उरलेली 5 धाकट्या भावंडांना सांभाळत बागेतच असतात, हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे. केंद्रप्रमुख साहेब, हजेरीचं वाचून काल रात्रीचं एक रेकॉर्डिंग परत ऐकलं. 40 सेकंदांचं. मागे फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज. 'पाऊस'वर ती अडली, कोणीतरी हळूच सांगितलं, तर तिनं ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं, या वेळी न अडखळता. दिवाळीआधी हीच मुलगी जोडाक्षर दिसलं की पुस्तक मिटायची. वहीत मी तिच्यापुढे फक्त 'आलं' लिहिलं होतं.
सोमवारपासून रोज 7 जण, आवाज माझ्या नंबरवर, खाली हजेरी क्रमांक. एकच सांगा, बागेत रेंज नसताना रेकॉर्ड केलं तर नंतर आपोआप येतं ना?

तंत्रस्नेही_गुरुजी
येतं. रेंजमध्ये आल्यावर एकदा व्हॉट्सॲप उघडायला सांगा. आवाजाखालचं घड्याळाचं चिन्ह जाऊन टिक आली की गेलं. तोवर डिलीट करू नका म्हणावं.