मदत हवी आहे: पेज-भाताच्या घरांसाठी मधुमेहाचा आहारतक्ता

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या टाइप २ मधुमेहींसाठी आहारतक्ता करतोय. तयार तक्ते सगळे पोळी-भाजीचे. इथे सकाळी पेज आणि दोन्ही वेळा भात. त्यामुळे घरातली खरी मापं हवी आहेत.

१०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. पण वाटी कोणाची १२० मिलीची, कोणाची २०० ची. गडबड तिथेच होते. एका माणसाच्या पेजेला कोरडा तांदूळ किती ग्रॅम? उकडा की सुरय (न उकडलेला)? एक आंबोळी वजनाला किती? नाचणीची आंबील किती पिठाची? (‘नाचणी चालते’ म्हणून मोठा पेला भरून पितात, बारीक पीठ, त्यात पातळ शिजवलेलं, साखर भराभर चढते.)

ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधीचं आणि पहिल्या घासापासून दोन तासांनंतरचं रीडिंग द्या. एकदा नेहमीचं जेवण. एकदा भात निम्मा, सोबत कुळथाची पिठी किंवा बांगडा. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात कमी करू नका, साखर ७० च्या खाली जाऊ शकते.

आणखी एक. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी जादा राबून थकतात, म्हणून पथ्य पाळूनही काही वर्षांनी गोळी वाढू शकते. लोक ती स्वतःची चूक समजतात आणि तपासणीच टाळतात. हे न घाबरवता मालवणीत दोन ओळींत कसं लिहावं?

हापूसचं काय करता, भाताच्या जागी खाता की भात खाऊन वर?